कोणतं चाक

लेस्टर सोडून हेरफर्डशरात आलो, त्याला हा चौथा हिवाळा.
रस्ता एका गाडीपुरता. दोन्हीकडे कुंपणाची झुडपं
डोक्याच्या वर, आणि डांबराच्या मधोमध गवत.
समोरून ट्रॅक्टर आला की कुणीतरी मागे जायचं असतं.
ते कुणीतरी म्हणजे मी.

पहिल्या वर्षी दोनदा चरात गेले.
दोन्ही वेळा ग्विलिम प्रॉबर्टने दोर लावून ओढून काढलं,
अक्षरही न बोलता.
तरी दुसऱ्या दिवशी पोस्टातल्या बाईंनी
तिकिटं मोजता मोजता विचारलं,
कोणतं चाक?

फोनला रेंज फक्त बाथरूमच्या खिडकीत.
टबाच्या काठावर उभं राहायचं, कोपर बाहेर काढायचं.
अकोल्याच्या मावसबहिणीला माझा आवाज घुमून येतो,
ती म्हणते, बाई गं, तू सदानकदा अंघोळीलाच कशी?
तिच्या मुलाचं लग्न ठरलं ते मी तिथेच ऐकलं.
मुलगी काय करते, तेवढं वाऱ्याने नेलं,
आणि पुन्हा विचारायची आता लाज वाटते.

मार्चमध्ये शेतांवर टँकरने शेणाचा पातळ काला उडवतात.
आपण काय शेण पाहिलं नाही, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते.
मग दोरीवरच्या चादरी नाकाला लावल्या
आणि तोरा बादलीत बुडवून पुन्हा धुतला.

पण फोडणी!
लेस्टरच्या फ्लॅटात खिडक्या बंद करून, पंखा लावून,
चोरासारखी हिंग टाकायचे मी.
इथे शेजार सव्वा मैलावर.
दारं सताड उघडी टाकून मिरच्या तडतडू देते,
भिंतीपलीकडच्या मेंढ्या मान वर करतात,
पुन्हा चरायला लागतात.

निशिकांतचं वैर मोलशी.
मोल म्हणजे दिसत नाही तो प्राणी, दिसतात फक्त
त्याने रातोरात हिरवळीवर घातलेले मातीचे ढीग.
हा गुडघ्यापर्यंतचे बूट घालून बाहेर जातो
आणि जमिनीकडे बघत शुद्ध मराठीत भांडतो.
ऑफिसात बत्तीस वर्षं कुणाला उलट बोलला नाही.

सेप्टिक टँकवाला डेझमंड वर्षातून एकदा येतो,
झाकण उचलून, वाकून, बराच वेळ बघतो,
मग घरच्या डॉक्टरसारखा म्हणतो, छान चाललंय.
मला उगाचच अभिमान वाटतो.

वळणावर फाटकाशी अंड्यांची पेटी. शेजारी पैशांचा डबा.
माणूस नाही.
एकदा सुटे नव्हते, तर लिंबाच्या लोणच्याची बाटली ठेवून आले.
आठवड्याने बाटली परत. लख्ख धुतलेली, आत चिठ्ठी:
केनला फार झोंबलं. आणखी आहे का?

वीज जाते. तेलाची टाकी ऐन जानेवारीत तळाला लागते.
चिमणीत कावळ्याच्या जातीचं काहीतरी संसार थाटतं
आणि काटक्या आपल्या चहात पाडतं.
कचऱ्याचा डबा अर्धा मैल ओढत न्यायचा, तोही आदल्या रात्री.
शिव्या घालत निघते मी,
आणि परतताना टॉर्च विझवते.
इतका अंधार मी विकत घेतला असता तर परवडला नसता.

काल संध्याकाळी चर्चखालच्या उतारावर
समोरून एक नवी कोरी गाडी. आत तरुण जोडपं,
बर्मिंगहॅमहून नुकतंच आलेलं. त्याला मागे घेता येईना,
ती काच खाली करून सूचना देत होती.
मीच मागे निघाले, दोन वळणं,
आरशात स्नोड्रॉपचे पांढरे ठिपके धरून.
जागा सापडली, थांबले, दिवे उघडमीट केले.
तरी तो गेलाच चरात.

डिकीत आता माझाच दोर असतो.
बांधला, ओढला. बोलले नाही काही.
तिने विचारलं, इथे बरं वाटतं का?
मी दोराचा चिखल निपटत राहिले.

आज पोस्टात गेले. बाईंना अर्थातच कळलं होतं.
एवढंच राहिलं होतं, ते मी सांगितलं.

पुढचं डावं.